धरणात बुडालेले तीन्य

महोदय,
रविवारच्या पुरवणीत आल्प्समधील स्कीइंगच्या ठिकाणांत फ्रान्समधल्या तीन्यचे नाव वाचले. केबल कारचे कौतुक भरभरून, पण जुन्या गावाचा साधा उल्लेखही नाही, हे खटकले. इझेर नदीकाठचे हे गाई आणि चीजवर जगणारे गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर विजेसाठी तिथे १८० मीटर उंचीचे धरण आले. गावकऱ्यांनी कडवा विरोध केला. शेवटी १९५२ मध्ये पोलीस बंदोबस्तात त्यांना घराबाहेर काढून गाव पाण्याखाली घातले. त्याआधी दफनभूमीतले मृतदेहसुद्धा उकरून हलवावे लागले. चर्च तेवढे जुन्याबरहुकूम नव्या वस्तीत बांधून दिले! आजचे रिसॉर्ट त्याहून वर, २१०० मीटरवर, तळ्याकाठी वसले. १९९२ च्या हिवाळी ऑलिंपिकचे फ्रीस्टाइल स्कीइंग तिथेच झाले. पैसा आला, हे मान्य. पण ज्या ग्रांद मोत हिमनदीवर एके काळी भर उन्हाळ्यातही स्कीइंग चाले, तीच आता आटते आहे. आपला अंक कोयना-उजनीच्या धरणग्रस्तांच्या घरीही वाचला जातो. पुढच्या लेखात निदान दोन ओळी बुडालेल्या गावासाठी ठेवाव्यात.

– एक वाचक, कराड