रिकाम्या चौकटींचे मोल

महोदय,

आवर्तसारणी शिकवताना मूलद्रव्यांची नावे घोकून घेतली जातात. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये तीत मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या जागांचा मात्र ओझरताच उल्लेख होतो, याची खंत वाटते. ॲल्युमिनिअमखालच्या जागी येणाऱ्या अज्ञात मूलद्रव्याची घनता सुमारे ५.९ (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर) असेल, असे भाकीत त्यांनी केले होते. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्राँ यांना जस्ताच्या खनिजात, वर्णपटावरील दोन जांभळ्या रेषांवरून, तेच मूलद्रव्य, म्हणजे गॅलिअम, सापडले. पण त्यांनी मोजलेली घनता ४.७ भरली. तो धातू डोळ्यांनी न पाहिलेल्या मेंडेलीव्ह यांनी नमुना पुन्हा शुद्ध करून मोजण्यास सुचवले आणि फेरमोजणीत आकडा ५.९ च आला! तळहातावर वितळणाऱ्या या धातूची हकिकत पाठ्यपुस्तकात सविस्तर यावी, ही विनंती.

– रसायनशास्त्राचा एक शिक्षक, सांगली