दोन दुकानदार, पण माल एकाच बाजारातला

गोरेगाव, मुंबई

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

माल अडला की पोळीभाजी केंद्र कसं चालू ठेवायचं, असं तू विचारलंस. आधी एक तपास कर. तुझे कांदा-बटाट्याचे दोन्ही दुकानदार माल कुठून भरतात? दोघंही वाशीच्या घाऊक बाजारातून आणत असतील, तर तुझा पुरवठादार एकच आहे. ११ मे २०२० पासून वाशीचा बाजार आठवडाभर बंद होता, तेव्हा शेतकरी गटांचे टेम्पो थेट सोसायट्यांत येत होते. असा एक गट नाशिककडचा धर, दुसरा पुणे जिल्ह्यातल्या मंचरकडचा. एकाचा माल कसारा घाटातून येतो, दुसऱ्याचा बोरघाटातून. एका घाटात दरड पडली तरी दुसरा उरतो. पण दर आठवड्याला थोडा माल त्यांच्याकडून घेत राहा. नुसतं अडल्यावर फोन करणाऱ्याचा नंबर शेवटी लागतो.

सगळ्याचा साठा करू नकोस. एप्रिल-मेचा उन्हाळी कांदा, मान पूर्ण वाळलेला, तागाच्या गोणीत, जमिनीपासून वर आणि वारा लागेल असा ठेवलास तर टिकतो. खरिपाचा लाल कांदा आठवड्यापुरताच घे. बटाटा कांद्याशेजारी नको, लवकर कोंब येतात. उजेडात तो हिरवा पडतो आणि टाकावा लागतो. बेसन पावसाळ्यात दमट होऊन त्याचे गोळे होतात, म्हणून चणाडाळ साठव आणि लागेल तशी दळून आण. बटाटा मिळाला नाही तर मटकी, मूग, झुणका आहेतच.

खरी कसोटी गॅसची. व्यावसायिक सिलिंडरमध्ये १९ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. रोज रात्री काट्यावर ठेवून वजाबाकी कर. समज, रोज ६ किलो जातो आणि नोंदवल्यापासून सिलिंडर यायला चार दिवस लागतात. एक जोडलेला, एक भरलेला असताना पहिला संपल्यावर नोंदवलास, तर एक दिवस शेगडी बंद राहील. जोडलेला निम्मा असतानाच नोंदव. टंचाईत हे चार दिवस वाढतात, म्हणून तेव्हा तिसरा सिलिंडर हवाच. जोडीला २००० वॅटची इंडक्शन शेगडी ठेव, पण १६ अँपिअरच्या वेगळ्या पॉइंटवर आणि सपाट बुडाच्या भांड्यांसह. भात-उसळ तिच्यावर, पोळ्यांचा तवा गॅसवर. घरगुती लाल सिलिंडर मात्र दुकानात आणू नकोस. ते बेकायदा आहे.

तेलाचं थोडक्यात. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली होती, ती २३ मेपर्यंत. इतक्या लांबचा निर्णयही तुझ्या कढईपर्यंत पोचतो. डबा घेताना १५ लिटर की १५ किलो ते बघ: १५ लिटर तेल जेमतेम साडेतेरा किलो भरतं. भाव चढले म्हणून जुनं तेल पुन्हापुन्हा तापवू नकोस. त्यापेक्षा तळणीचे पदार्थ निम्मे कर आणि फळ्यावर तसं लिही.

आणि व्यापाऱ्यांचे पैसे ठरल्या तारखेला दे. टंचाईत माल आधी चोख खातेदारालाच मिळतो. या आठवड्यात सिलिंडरचं वजन घे आणि आकडे कळव, मग किती साठा लागेल ते मांडू.

तुझा,
अविनाश