साप्ताहिक चर्चेला श्रेयांक नकोत, तास आणि खोली द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे विज्ञान आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनाही दुसऱ्या विद्याशाखेतले खुले ऐच्छिक विषय घ्यावे लागतात. हेतू चांगलाच आहे. पण हे विषय अखेर अंतर्गत गुण, असाइनमेंट आणि तयार नोट्स यांत अडकतात. ही उणीव भरून काढायला काही महाविद्यालये आठवड्यातून एकदा इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, कला यांवर अनौपचारिक चर्चा सुरू करतात. बऱ्याचदा चौथ्या-पाचव्या आठवड्यात ती बंद पडते आणि ‘हल्लीच्या मुलांना वाचनच नको’ असा ठपका ठेवला जातो. हा मुलांवर अन्याय आहे. चर्चा बंद पडते ती आखणीतल्या चुकांमुळे.

पाहुणे, व्यासपीठ, शाल-श्रीफळ आणि आभारप्रदर्शन आले की चर्चेचे व्याख्यान होते. चर्चेला १२ ते १५ जण पुरेत. २० च्या वर गेले तर दोन गट करावेत. सभागृह टाळावे. ग्रंथालयाचा कोपरा किंवा खुर्च्या गोल मांडता येतील अशी कोणतीही खोली चालते. शिक्षकांनी फळ्याच्या बाजूला बसू नये, नाहीतर सगळी उत्तरे त्यांच्याकडे तोंड करूनच दिली जातात.

सर्वांत जास्त काळजी मजकुराची घ्यावी लागते. ‘घरून वाचून या’ म्हटले की दोघे-तिघे वाचून येतात, तेच बोलतात आणि बाकीचे पुढच्या वेळी येत नाहीत. म्हणून दोन पानांचा, ६०० ते ८०० शब्दांचा उतारा तिथेच वाटावा आणि पहिली दहा मिनिटे आळीपाळीने मोठ्याने वाचावा. पानाला दोन रुपये धरले तरी १५ जणांच्या झेरॉक्सला ६० रुपये लागतात. उतारा शक्यतो मराठीत असावा; इंग्रजी असला की बोलणे इंग्रजी माध्यमातून आलेल्या मोजक्यांच्या हाती जाते. प्रश्न एकच, आणि त्याचे उत्तर उताऱ्यात शोधता येईल असा. डॉ. आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण घेतले, तर ‘लोकशाहीचे भवितव्य’ हा विषय देऊ नये. त्यावर सगळे वर्तमानपत्री बोलतात. ‘धर्मातली भक्ती आणि राजकारणातली भक्ती यांत ते फरक का करतात?’ असे विचारले की मुले ओळींवर बोट ठेवून वाद घालू लागतात. जात, धर्म, निवडणूक यांवरून आवाज चढला तरी ‘हे कोणत्या ओळीत आहे?’ एवढे विचारल्याने बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

प्रश्नानंतर अर्धा मिनिट शांतता सहन करावी. शिक्षकांना ती सहन होत नाही, ते स्वतःच उत्तर देतात आणि तिथे चर्चा संपते. पहिला अर्धा तास त्यांनी बोलूच नये. सूत्रे विद्यार्थ्याकडे द्यावीत आणि दर दोन आठवड्यांनी बदलावीत. कोण किती वेळा बोलले आणि कोणी कोणाला मध्येच तोडले याच्या रेघा सूत्रधाराने कागदावर ओढाव्यात. मुली बोलत असताना मध्येच कोण तोडते, हे त्या रेघांवरून लगेच उघड होते. अखेरीस न सुटलेला मुद्दा वहीत लिहून पुढच्या आठवड्याची सुरुवात तिथून करावी. मोबाइलवर चित्रीकरण पूर्ण बंद. एखादी क्लिप व्हॉट्सॲपवर गेली की त्यानंतर कुणीही मनातले बोलत नाही.

वेळ ७५ मिनिटांची आणि दुपारची असावी. संध्याकाळी ठेवली तर एसटीच्या पासवर येणारी खेड्यातली मुले आपोआप गळतात. सत्राचे सगळे आठवडे धरू नयेत. अंतर्गत परीक्षा वगळून दहा बैठका नीट झाल्या तरी खूप.

ही प्रथा आपल्याकडे नवी नाही. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीत निबंध वाचून त्यांवर चर्चा होई. याच मंडळींनी १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला तिथे स्वतः विनावेतन शिकवले.

आता श्रेयांकांविषयी. चर्चेला श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे क्रेडिट, जोडले की हजेरी येते, हजेरीमागून महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’साठी जिओ-टॅग केलेले (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो आणि अहवाल येतात, आणि मुले चूक ठरण्याच्या भीतीने सावध बोलतात. प्राचार्यांनी त्याऐवजी वेळापत्रकात आठवड्यातून एकदा ७५ मिनिटांचा तास सर्व शाखांसाठी एकाच वेळी मोकळा ठेवावा आणि एक खोली ठरवून द्यावी. अनेक ठिकाणी हे काम तासिका तत्त्वावरील तरुण प्राध्यापकच उत्साहाने करतात, पण त्यांना मानधन फक्त घेतलेल्या तासांचे मिळते. या चर्चेचा तासही त्यांच्या मानधनात धरला जावा, अशी विद्यापीठांना आणि उच्च शिक्षण विभागाला आमची विनंती आहे.

आपले,
काही प्राध्यापक, सातारा