लेकरा, कान लावून बसू नकोस

वसमत

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू म्हणालास, "अण्णा, ईसीजी नॉर्मल आलाय, डॉक्टर म्हणतात काहीच नाही. मग ही धडधड कशाची?" मला तेव्हा नीट बोलता आलं नाही. आई शेजारी होती, तिच्या जिवाला घोर नको म्हणून "झोप आता" एवढंच म्हटलं. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय, म्हणून लिहितोय. सावकाश वाच.

दिवाळीत तू आला होतास तेव्हाचं सांगतो. पहाटे तीनला मी पाणी प्यायला उठलो, तर तू ओसरीवर बसलेला. मनगटावरच्या घड्याळाचा उजेड लागायचा, विझायचा, परत लागायचा. सकाळी तूच सांगितलंस, ठोके आधी ९६ होते, मग १०४, मग ११२. आकडा वाढला की तू घाबरत होतास, आणि घाबरलास की आकडा वाढत होता. मी दारातच उभा राहिलो. पुढं येऊन पाठीवर हात ठेवायला पाहिजे होता, ठेवला नाही. ते मला अजून खातं.

तुला आज्जीच्या उतरंडीची गोष्ट कधी सांगितली नाही. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबरची पहाट. गणपती बुडवून लोक नुकते आडवे झाले होते. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. धक्का इथवर जाणवला. मी तेव्हा बावीस वर्षांचा. पुढं कितीतरी दिवस सगळी गल्ली अंगणात झोपायची. आज्जीनं दाराजवळ उतरंड रचली. खाली घागर, तिच्यावर कळशी, मग हंडी आणि सगळ्यात वर पितळी तांब्या. जमीन हलली की तांब्या पडेल, आवाज होईल, लेकरांना बाहेर काढता येईल. आईचं काळीज, त्यात चूक काय होती? पण तिची झोप गेली. मांजर फिरलं की उठायची, रस्त्यानं ट्रक गेला की उठायची. तांब्या जरा किणकिणला की आम्हा सगळ्यांना हलवून जागं करायची. आमच्या घरात त्यानंतर एक भांडं पडलं नाही, पण तिचा भूकंप रोज रात्री होत होता.

कुणी समजावून ती उतरंड निघाली नाही. आजोबांनी किती सांगितलं, ऐकलं नाही. पुढं रब्बीच्या पेरण्या लागल्या, ती दिवसभर रानात राबायला लागली. एका संध्याकाळी म्हैस व्याली. चीक काढायला भांडं पाहिजे होतं, म्हणून तिनं तांब्या बाजूला ठेवला, हंडी घेतली, आणि परत रचायची राहून गेलं. दुसऱ्या दिवशी कळशी पाण्याला गेली. त्या रात्री ती उजाडेपर्यंत झोपली.

मला वाटतं, तुझं घड्याळ आणि रात्री दहा वेळा उघडलेला ऑफिसचा ग्रुप ही तुझी उतरंड आहे.

आपल्या तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाकडं जमिनीतून गुडगुड ऐकू येते, हे तू लहानपणापासून जाणतोस. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ चा धक्का बसला, जुलैत परत तेवढाच. मार्चच्या धक्क्याला आम्ही घाबरलो नाही असं नाही. आई पदर सावरत रस्त्यावर पळाली. पण मग भिंती बघितल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बाईला धरून बाहेर बसवलं, चहा केला आणि दहाला मी दुकान उघडलं. तू तिकडं पुण्यात संध्याकाळपर्यंत बातम्या बघत होतास. त्या दिवशी आमच्यापेक्षा जास्त तू भ्यालास, बाळा. आमच्याजवळ करण्यासारखं काहीतरी होतं. तुझ्याजवळ फक्त बघण्यासारखं होतं.

बघितलं की क्षणभर बरं वाटतं, हे मला माहीत आहे. २०२५ मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलं तेव्हा मीही तसाच झालो होतो. भाव सकाळी एक, दुपारी एक. गिऱ्हाइकाची ऑर्डर घेतलेली, सोनं अजून घ्यायचं राहिलेलं. जेवताना बघायचो, संडासात बघायचो, रात्री कूस बदलली की बघायचो. स्किनर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की कधी दाणा मिळायचा, कधी नाही, आणि कधी मिळेल याचा नेम नसायचा. तशी कबुतरं चोच मारायची थांबतच नव्हती. दरवेळी मिळाला असता तर पोट भरल्यावर थांबली असती. नेम नाही, म्हणून सुटत नाही. फोन बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. तेव्हा तुझं मन कमजोर आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

त्याच दिवसांत माझ्या हातून एक काम बिघडलं. कानातल्या फुलाची दांडी तुटलेली, ती झाळून द्यायची होती. तू लहानपणी माझ्या मांडीशी बसून हे बघायचास. सांध्याला टाकणखार लावायचा, लवकर वितळणाऱ्या झाळाचा बारीक तुकडा ठेवायचा आणि फुंकणीनं ज्योत तिथं न्यायची. सोनं लाल होतं, अजून लाल होतं, आणि एकाएकी तो तुकडा पाण्यासारखा चमकून सांध्यात पळतो. त्याच श्वासाला ज्योत काढायची. एक श्वास उशीर झाला की दागिनाच वितळतो. नेमका तेव्हा खिशातला फोन थरथरला. मी काढला नाही, बघितला नाही, नुसतं मनात आलं, भाव असेल. तेवढ्यात फुलाची एक पाकळी गोळा होऊन बसली. त्या बाईच्या आईचं फूल होतं ते. मी तिला खरं सांगितलं, माझं सोनं घालून पाकळी नवी घडवली. पण ती जुनी नव्हे, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तेव्हापासून काम करताना फोन गल्ल्यात असतो.

ग्लोरिया मार्क नावाच्या बाई वर्षानुवर्षं हेच मोजतात. २००४ मध्ये माणूस कॉम्प्युटरच्या एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता, अलीकडच्या मोजणीत ४७ सेकंद. ४७ सेकंदांत माझा एक सांधासुद्धा नीट झाळून होत नाही रे.

नांदेडला हजूर साहिबला गेलो होतो तेव्हा तिथल्या गुरुद्वाऱ्यात ग्रंथपाठ करणाऱ्या एका ग्रंथींनी मला आपल्या नरसीच्या नामदेवांचं एक पद समजावून सांगितलं. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यातलंच हे. पोरगं पतंग उडवतं, सोबत्यांशी गप्पा मारतं, पण चित्त दोरीत. बाया पाण्याच्या घागरी घेऊन हसत खिदळत येतात, चित्त घागरीत. आई घरभर कामात, चित्त पाळण्यात. त्यात सोनारही आहे, म्हणून मला जास्त जवळचं वाटलं. बघ, नामदेव गप्पा बंद करा म्हणत नाहीत. तू सगळं सोडून डोंगरावर जा, असं मीही म्हणत नाही. नोकरी कर, मित्रांत बस, फोन वापर. फक्त दिवसातून थोडा वेळ तरी चित्ताला धरायला एक दोरी दे. स्वयंपाक कर, मातीत हात घाल, सायकल दुरुस्त कर, काहीही. ज्यात हात गुंततील ते.

आणि धडधड सुरू झाली तर ठोके मोजू नकोस. शरीराला वाटतं वाघ आला, म्हणून ते पळायची तयारी करतं. काळीज जोरात, श्वास उथळ, हात गार. ती लाट चढते तशी उतरते. घड्याळ काढून ठेव आणि उतरू दे. ईसीजी झालाय, एकदा बघितलं ते बास.

मनाच्या डॉक्टरकडं मात्र जा, लाजू नकोस. पाय मोडला तर आपण हाड जोडणाऱ्याकडं जातोच ना. तोवर रात्री फारच झालं तर १४४१६ लावायचा. टेली-मानस म्हणतात, सरकारचा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी स्वतः लावून बघितला, म्हणून सांगतो.

आईला मी काल सगळं सांगितलं. लपवायला नको होतं. ती रडली, मग उठून धपाट्याचं पीठ मळायला लागली. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर उद्या पाठवतोय.

पत्र मिळालं की फोन कर. ज्योत पेटलेली असेल तर मी उचलणार नाही, हातातलं काम झालं की मीच लावीन. तेवढा वेळ अण्णाला काय झालं म्हणून बघत बसू नकोस. मी दुकानातच असेन.

तुझा,
अण्णा