ज्योत विझली की गॅसपण बंद झाला पाहिजे: पेट्रोलियम मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

मंत्रीसाहेब, सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत बावीस वर्षं गॅसच्या शेगड्या, गीझर, हॉटेलच्या भट्ट्या दुरुस्त करतोय, त्याआधी आयटीआयला वेल्डिंग शिकलो. मागणी एकच आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. आपल्या देशात विकली जाणारी प्रत्येक नवीन शेगडी अशी पाहिजे की ज्योत विझली तर गॅस तिचा तिनं बंद करावा. हे काही नवं संशोधन नाही, बाहेर कधीचं चालू आहे, आपल्याकडेही महागड्या हॉबमध्ये मिळतं. फक्त साध्या घरातल्या साध्या शेगडीत ते नसतं, आणि जास्त गरज तिथंच आहे.

हे पत्र लिहायचं कारण माझ्या घरातलंच आहे. गेल्या पावसाळ्यात एक दिवस दुपारी जेवायला घरी आलो तर दारातच वास. आई माजघरात मेथी निवडत बसलेली, शांतपणे. आत जाऊन बघतो तर दूध उतू जाऊन कट्ट्यावरून खाली ओघळलेलं, बर्नर विझलेला आणि नॉब चालूच. शेजारी फ्रीज, भिंतीवर ट्यूबलाइटचं बटण. रेग्युलेटर बंद केला, बटणाला हात लावला नाही, खिडक्या दारं उघडली, आणि सूप घेऊन जमिनीलगतची हवा मागच्या दाराकडं ढकलत बसलो, दहा-पंधरा मिनिटं तरी. आईला म्हटलं, अगं वास नाही आला तुला, तर म्हणते, "कसला वास रे?" तीन वर्षांपूर्वीच्या तापानंतर तिला उदबत्तीचासुद्धा वास येत नाही, आणि हे मला माहीत होतं.

साहेब, त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, आपल्याला जो येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. म्हणजे एवढा मोठा कारभार, सिलिंडरची दर काही वर्षांनी टेस्टिंग, रेग्युलेटर, तारेची जाळी असलेली सुरक्षा होज, हे सगळं बरोबर केलंय आणि शेवटची राखण मात्र माणसाच्या नाकावर सोडलीय. नाक सर्दीनं बंद असतं, वयानं मंद होतं, झोपलेलं असतं. मोठा बर्नर तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे विझला तर तासाला तेवढाच गॅस घरात सोडतो. तो हवेपेक्षा जड, खिडकीतून वरच्यावर निघून जात नाही, फरशीवर पसरत राहतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास झाला की पेट घेऊ शकतो, आणि छोट्या स्वयंपाकघरात जमिनीपासून वीतभर उंचीच्या थरात तेवढं व्हायला तासभर पुरतो. उभ्या माणसाच्या नाकाला वास कमी आणि फ्रीजच्या खालच्या मोटरपाशी गॅस जास्त, असा प्रकार असतो.

आता एका माणसाबद्दल सांगतो, कारण माझ्या धंद्यातल्या तिन्ही गोष्टी त्याच्यापाशी येतात: गॅस साठवणं, गॅस आपोआप चालू-बंद करणं आणि उष्णता वाया न घालवणं. गुस्ताफ दालेन, स्वीडनचा, जन्म १८६९ चा. आयटीआयमध्ये आम्हाला डीए सिलिंडर, म्हणजे वेल्डिंगच्या ॲसिटिलीन गॅसचा तो मरून रंगाचा, नेहमी उभा ठेवायला शिकवायचे, आडवा केलास तर आतलं ॲसिटोन बाहेर येईल म्हणून. गॅसच्या सिलिंडरमध्ये ॲसिटोन हे द्रव कशाला, ते कुणी सांगितलं नाही, मी नंतर वाचून काढलं. ॲसिटिलीन हा फार चिडका वायू आहे, नुसता दाबून भरला तर स्वतःहून फुटतो. तो ॲसिटोनमध्ये विरघळतो हे फ्रेंच लोकांनी आधीच शोधलं होतं, पण गॅस वापरला जाईल तसं टाकीतलं ॲसिटोन आकसायचं, वर मोकळी जागा राहायची आणि धोका तसाच. दालेननं टाकीच्या आत स्पंजासारखी भोकंभोकं असलेली, हादऱ्यानं न तुटणारी घट्ट भर घातली, तिच्यात ॲसिटोन मुरवलं आणि त्यात गॅस. मोकळी जागाच ठेवली नाही. आज मिरज-सांगलीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जा, तिथल्या डीए सिलिंडरच्या पोटात तीच कल्पना आहे. ज्या पेसोच्या, म्हणजे स्फोटक वस्तूंची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, परवान्यावर तो सिलिंडर भरला जातो तिचं मुख्य ऑफिस आपल्या नागपुरातच आहे.

पण मला जास्त लागलं ते त्याचं दुसरं काम. समुद्रातल्या खडकावरचे दीपस्तंभ, जिथं माणूस ठेवणं अवघड, तिथं दिवा रात्री लागला पाहिजे आणि दिवसा विझला पाहिजे, नाहीतर गॅस फुकट. त्यानं १९०७ मध्ये सूर्य-व्हॉल्व केला. एक काळी दांडी आणि तिच्याभोवती तीन चकचकीत पॉलिश केलेल्या दांड्या. ऊन पडलं की काळी दांडी उष्णता जास्त खाते, थोडी जास्त लांब होते, आणि तेवढ्या केसाएवढ्या फरकावर गॅस बंद होतो. अंधार पडला की ती आखडते आणि गॅस परत चालू. वीज नाही, माणूस नाही. त्याच्या आधी त्यानं दिव्याला लुकलुकायला लावलं होतं, म्हणजे ज्योत सतत जाळायची नाही, क्षणभर पेटवायची आणि परत बंद, त्यानं गॅस नव्वद टक्क्यांवर वाचला. दोन्ही मिळून एका भरणीत दिवा महिनोन्‌महिने एकटा चालायचा. या कामाला १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या टाक्यांची सुरक्षा तपासताना स्फोट झाला आणि त्याचे डोळे गेले. नोबेल घ्यायला भाऊ गेला.

डोळे गेल्यावरही तो पंचवीस वर्षं, १९३७ ला वारेपर्यंत, आगा नावाची कंपनी चालवत होता. आणि घरी बसायची वेळ आल्यावर त्याच्या लक्षात आलं की बायको, एल्मा, दिवसभर चुलीपाशी राबून थकते, सारखं जाळ घाल, राख काढ, लक्ष ठेव. त्यातून १९२२ चा आगा कुकर आला. जाड बिडाच्या गाभ्यात उष्णता साठवायची, भोवती इन्सुलेशन, वर हॉटप्लेटला जाड झाकणं, आणि थर्मोस्टॅट हवा कमी-जास्त करून जाळ आपोआप सांभाळणार, एकदा कोळसा भरला की रात्रभर ऊब. आपल्याकडं चुलीला वैल करायचे ना, एका जाळावर दुसरं भांडं निवांत शिजत राहायचं, तीच जाणीव, फक्त यंत्रात बसवलेली. दिसत नसलेल्या माणसाला स्वयंपाकघरातला त्रास दिसला, हे वाचून मी दुकानात बराच वेळ काही काम केलं नाही.

म्हणून मला हे सहन होत नाही, साहेब. शंभर वर्षांच्या वर झाली, निर्जन खडकावरच्या दिव्याला दिवस-रात्र कळत होती. आणि माझ्या आईच्या कट्ट्यावरच्या शेगडीला आपण विझलोय एवढंसुद्धा कळत नाही.

कळवायला काय लागतं तेही सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं काहीतरी इलेक्ट्रॉनिक असणार, लाइट गेली की बंद पडणार. तसं नाही. बर्नरच्या कडेला काडेपेटीच्या काडीएवढी धातूची दांडी असते, तिला थर्मोकपल म्हणतात. तिच्या टोकाला दोन वेगळे धातू जोडलेले असतात, जोड तापला की त्यातून थोडी वीज निर्माण होते, किती तर व्होल्टचा एक बारीक हिस्सा, काही मिलिव्होल्ट. तेवढ्यावर नॉबच्या मागचं एक लहान मॅग्नेट व्हॉल्वला उघडं धरून ठेवतं. ज्योत विझली की टोक गार होतं, वीज संपते, मॅग्नेट सोडतं आणि स्प्रिंग व्हॉल्व बंद करते, साधारण अर्ध्या-एक मिनिटात. सेल नाही, वायर घराला जोडायची नाही. म्हणजे दालेनच्या काळ्या दांडीसारखंच, उष्णताच राखणदार. बाथरूमच्या गॅस गीझरला दोन सेलवर चालणारा ज्योत ओळखणारा सेन्सर असतो, ज्योत गेली की गीझर तडक बंद. (गीझरचा धूर बाथरूममध्ये कोंडून माणसं मरतात तो वेगळा विषय, त्यावर स्वतंत्र लिहीन.) म्हणजे दिवसात दहा मिनिटं चालणाऱ्या वस्तूला ही सोय आहे आणि दिवसात चार-पाच तास चालणाऱ्या शेगडीला नाही. युरोपात नवीन शेगड्यांना ती सक्तीचीच आहे.

आता लोक काय म्हणतील ते मला रोज ऐकायला मिळतं. एक म्हणजे किंमत. दुरुस्तीला मी एक थर्मोकपल आणतो तो दोनशे-तीनशे रुपयांना पडतो, तो एक सुटा पीस. लाखांनी बनले तर कितीला पडतील याचा हिशोब कंपन्यांनी मांडावा आणि तो तुम्ही मागवून घ्यावा. दुसरं म्हणजे नॉब दाबून चार-पाच सेकंद धरायला लागतो, टोक तापेपर्यंत, आणि बायका म्हणतात ही शेगडी लगेच धरत नाही. तिसरं, आणि हे मी कबूल करतो, आमच्या धंद्यातच गडबड आहे. घासताना थर्मोकपल जरा वाकलं किंवा त्यावर दुधाची साय जळून बसली की नॉब सोडला की ज्योत विझते, गिऱ्हाईक वैतागतं, आणि मेकॅनिक काय करतो तर ते काढून टाकतो, व्हॉल्व साधा बसवतो, पन्नास रुपये जास्त घेतो, काम झालं. मला कित्येकांनी "ते काढूनच टाका हो" असं सांगितलंय. मी काढत नाही, पण पुढच्या गल्लीत काढून मिळतं. तो दर वेळी आळशी असतो असं नाही, त्याला पार्टच मिळत नाही. प्रत्येक कंपनीचा थर्मोकपल वेगळ्या लांबीचा, आटे वेगळे, कंपनीला फोन लावला तर आठ दिवस, आणि घरात चूल थांबत नाही. म्हणून नुसती सक्ती करून चालणार नाही, त्याची लांबी आणि आटे ठरवून द्या, दोन-तीन साइझमध्ये सगळं बसवा, जसं रेग्युलेटर सरकारी तेल कंपन्यांच्या नेहमीच्या घरगुती सिलिंडरला बसतो तसं. मग मिरजेतल्या, जतमधल्या, मोखाड्यातल्या मेकॅनिकच्या डब्यात तो नेहमी असेल.

मला माहितीये की मानकं बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरो, ठरवतं आणि ते तुमच्या मंत्रालयाखाली नाही. पण तेल कंपन्या तुमच्याकडं आहेत, त्यांच्या एजन्सीतून शेगड्या जातात, आणि उज्ज्वलाची योजना तुमची. २०१६ पासून दहा कोटींच्या वर घरांत कनेक्शन गेली, ही मोठीच गोष्ट आहे, माझ्या मामीचे धुरानं लाल झालेले डोळे मी लहानपणी पाहिलेत. पण ती शेगडी कुठं असते ते एकदा बघा. खोपटात, जमिनीवर, पत्र्याच्या फटीतून वारा येतो तिथं. भांड्याखालची बारीक केलेली ज्योत वाऱ्यानं विझते आणि बाई तेवढ्यात पाण्याला गेलेली असते. आणि जड गॅस जमिनीवरच साचतो, जिथं पोरं झोपलेली असतात. पहिली सक्ती तिथून करा, सरकारी योजनेतून जाणारी प्रत्येक शेगडी ज्योत-राखण असलेलीच, मग बाजाराला दोन वर्षं द्या. एजन्सीचा माणूस कनेक्शन देताना पाच वर्षांनी होज बदलायची असं सांगतो, त्याच वेळी नॉब धरून ठेवायचं दाखवायलाही सांगा, आणि गॅसगळतीच्या तक्रारीचा १९०६ नंबर शेगडीवर मराठीत छापा.

माझ्या आईच्या शेगडीच्या जागी मी त्याच आठवड्यात थर्मोकपलवाला हॉब बसवला. पहिले चार दिवस ती मला बोल बोल बोलली, पेटतच नाही म्हणे. मग मी शेजारी उभा राहिलो आणि म्हटलं, नॉब दाबून पाच वेळा पांडुरंग म्हण आणि मग सोड. आता सकाळी चहाच्या आधी स्वयंपाकघरातून पाच वेळा पांडुरंग ऐकू येतं आणि मी निर्धास्त अंथरुणात पडून असतो. परवा मुद्दाम दूध उतू घालून बघितलं. ज्योत गेली, मी घड्याळ धरलं, चाळीस सेकंदांत आतून टक्‌ आवाज आला आणि गॅस बंद.

तुमच्या किंवा बीआयएसच्या माणसांना कधी बघायचं असेल तर मी तीन-चार कंपन्यांचे जळालेले, वाकलेले, काढून टाकलेले थर्मोकपल डबाभर ठेवलेत, कुठं बिघडतात ते समोर दाखवतो. उत्तराची वाट बघतोय.

आपला,
गॅस शेगडी दुरुस्ती करणारा एक मेकॅनिक
मिरज, जि. सांगली