खडा आहे, पण कुठे?

संपादक महोदय,

सोनोग्राफीच्या अहवालात ‘पित्ताशयात खडे’ असे दिसले की पोटाच्या साऱ्या तक्रारींचे खापर त्यांच्यावर फुटते आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरते. ज्या खड्याची खरी धास्ती बाळगायला हवी, तो मात्र याच तपासणीत पुष्कळदा निसटतो.

काहीही त्रास न देणारे खडे असलेल्या १०० जणांपैकी वर्षाकाठी फार तर दोघा-तिघांना लक्षणे सुरू होतात. गॅस, ढेकर, छातीतली जळजळ यांचा दोष सहसा खड्यांकडे जात नाही. म्हणूनच पित्ताशय काढल्यावरही या तक्रारी अनेकदा तशाच राहतात. खड्याची कळ वेगळी असते. ती उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात मधोमध उठते, अर्ध्या तासापासून काही तास सलग टिकते, पाठीकडे वा उजव्या खांद्याकडे जाते आणि आम्लपित्ताच्या गोळीला दाद देत नाही. अशी कळ येऊ लागली की शस्त्रक्रिया रास्त. कळ ६ तासांपुढे लांबली, सोबत ताप आला, तर पित्ताशयाला सूज आहे असे धरावे. तेव्हा ‘आधी सूज उतरू द्या, दीड महिन्याने बघू’ म्हणण्यापेक्षा, प्रकृती झेपणारी असेल तर पहिल्या काही दिवसांतच पित्ताशय काढणे हिताचे.

आता निसटणारा खडा. तो मुख्य पित्तनलिकेत (पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत) उतरतो आणि नलिकेचे खालचे टोक आतड्यातल्या हवेआड दडते. म्हणून माग आडून काढावा लागतो: नलिका ६ मिमीहून रुंद, रक्तात बिलिरुबिन (काविळीचे पिवळे द्रव्य) आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त तुंबले की वाढणारे विकर) वाढलेले. पहिल्या काही तासांत एसजीपीटी हे यकृताचे विकरही शेकड्यांत जाते आणि यकृताला विषाणूची बाधा झाली असा समज होतो. खडा सुटला की तोच आकडा दोन-चार दिवसांत झपाट्याने उतरतो. शंका राहिली तर एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) किंवा एंडोसोनोग्राफी (दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी) करावी. ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत शिरण्याची प्रक्रिया) खडा काढण्यासाठी ठेवावी, नुसत्या निदानासाठी नव्हे, कारण तिच्यानेच स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. थंडी वाजून ताप, कावीळ आणि कळ एकत्र आली तर नुसत्या प्रतिजैविकांवर विसंबू नये. तुंबलेली नलिका तातडीने मोकळी करावी लागते.

हाच खडा स्वादुपिंडाच्या नलिकेच्या तोंडाशी अडला की स्वादुपिंडाला सूज येते आणि रक्तातले लायपेज (स्वादुपिंडाचे विकर) नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीहून वर जाते. त्या आकड्यावरून आजाराची तीव्रता कळत नाही, तरी तो रोज तपासला जातो. हा निव्वळ अपव्यय आहे. पहिल्याच दिवशी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाचा मृत झालेला भाग बहुधा उमटत नाही. याहून मोठी चूक म्हणजे सौम्य सूज ओसरली म्हणून रुग्णाला पित्ताशयासकट घरी धाडणे. काही आठवड्यांतच झटका परतू शकतो. पित्ताशय त्याच मुक्कामात काढावे.

वेदनेवाचून चढणारी कावीळ आणि घटणारे वजन दिसले तर खड्यापेक्षा स्वादुपिंडाच्या गाठीचा संशय आधी घ्यावा. अशा वेळी घाईने स्टेंट (पित्तनलिका उघडी ठेवणारी नळी) बसवू नये. त्याने गाठीचे चित्र धूसर होते. कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन) आधी.

सोनोग्राफी करणाऱ्यांकडे एकच मागणी: रुग्ण किमान ६ तास उपाशी असावा आणि अहवालात पित्तनलिकेची रुंदी मिमीमध्ये लिहावी. खालचे टोक दिसले नसेल, तर ‘दिसले नाही’ असे स्पष्ट लिहावे. ‘नॉर्मल’ लिहू नये.

— एक पोटविकारतज्ज्ञ