हुदैबियाचा तह एका ओळीत उरकू नये

संपादक महोदय,
स. न.

ईद-ए-मिलादनिमित्त आपण काढलेली पुरवणी वाचली. मराठी वृत्तपत्र आवर्जून जागा देते, याचा मुस्लिम वाचक म्हणून आनंद आहे. हिरा गुहा, ६२२ ची हिजरत (मक्का सोडून मदिनेला केलेले स्थलांतर), बद्रची लढाई, मक्काविजय हे सारे त्यात आले आहे. पण हुदैबियाचा तह, म्हणजे मक्केतल्या कुरैश टोळीशी प्रेषितांनी केलेला समझोता, एका ओळीत उरकला, ही गोष्ट मला खटकली. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांचा स्वभाव जाणून घ्यायचा असेल, तर माझ्या मते हाच प्रसंग आधी वाचावा.

साल ६२८. मदिनेहून प्रेषितांसोबत सुमारे चौदाशे माणसे उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, करायला निघाली. अंगावर इहराम (यात्रेची साधी वस्त्रे), सोबत कुर्बानीचे उंट, तलवारी म्यानात. कुरैशांनी त्यांना मक्केच्या वेशीजवळ हुदैबियाला अडवले आणि बोलणी करायला सुहैल बिन अम्र यांना पाठवले. प्रेषितांचे जावई हजरत अली (र.) मसुदा लिहायला बसले. 'अल्लाहचे प्रेषित मुहम्मद' असे लिहिताच सुहैल म्हणाले, तुम्हाला प्रेषित मानले असते तर काबागृहाची वाट अडवली असती का? तुमचे आणि वडिलांचे नाव लिहा. ते शब्द खोडायला अलींचा हात धजेना. तेव्हा प्रेषितांनी ते स्वतः पुसले आणि 'अब्दुल्लाहचे पुत्र मुहम्मद' असे लिहून घेतले.

अटी तर त्याहून जड होत्या. यंदा उमरा न करता परत फिरायचे, पुढच्या वर्षी फक्त तीन दिवसांसाठी यायचे. मक्केतून कुणी वडीलधाऱ्यांच्या परवानगीशिवाय मदिनेला आला, तर त्याला परत पाठवायचे. मदिनेतून मक्केला गेलेला मात्र परत मिळणार नाही. त्या बदल्यात दहा वर्षे युद्धबंदी. मसुदा पुरा होतो न होतो, तोच सुहैल यांचाच मुलगा अबू जंदल पायातल्या बेड्या ओढत तिथे पोहोचला. मुसलमान झाला म्हणून बापाने त्याला कोंडून ठेवले होते. शब्द दिला गेला होता, त्यामुळे त्याला परत जावे लागले. 'सबूर कर, अल्लाह तुझ्यासाठी वाट काढेल,' एवढेच प्रेषित त्याला म्हणाले. हे वाचताना आजही माझ्या काळजात कालवाकालव होते. प्रेषितांचे निकटचे सहकारी हजरत उमर (र.) यांनी तर तोंडावर विचारले, आपण सत्यावर आहोत ना, मग हा कमीपणा का घ्यायचा?

लोक इतके खचले होते की कुर्बानी करा, मुंडण करा, असे सांगूनही कुणी जागचे हलेना. तेव्हा हजरत उम्मे सलमा (र.) यांनी सुचवले, कुणाशी काही न बोलता बाहेर जा आणि आपली कुर्बानी आपण करा. प्रेषितांनी पत्नीचा सल्ला मानला आणि त्यांच्यामागोमाग सारे उठले. घरातल्या बाईचे ऐकण्याचा हा दाखला आमच्या मोहल्ल्यांतल्या जलशांत फारसा सांगितला जात नाही. तो सांगायला हवा.

तहामुळे मक्का-मदिनेतले येणेजाणे सुरू झाले, माणसे एकमेकांशी बोलू लागली. पुढे कुरैशांच्या मित्रटोळीने हल्ला करून तह मोडला आणि ६३० मध्ये प्रेषित मक्केला निघाले, तेव्हा सोबत सुमारे दहा हजार लोक होते. शहर ताब्यात आल्यावर सर्वसाधारण माफी जाहीर झाली. सुहैल यांनाही अभय मिळाले. ६३२ मध्ये प्रेषितांचे निधन झाले आणि मक्केत चलबिचल सुरू झाली, तेव्हा लोकांना सावरायला हेच सुहैल उभे राहिले.

आपल्याकडेही याचा धागा दिसतो. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आल्या. मुंबईत मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले. काही तरुणांना तो कमीपणा वाटला असेल. त्यांच्यापर्यंत हुदैबिया पोहोचला पाहिजे, म्हणून हा पत्रप्रपंच.

पुढच्या मिलादच्या पुरवणीत या तहावर एक सविस्तर लेख द्यावा, ही विनंती. सीरतचा (प्रेषितांच्या चरित्राचा) अभ्यास असलेले आणि उत्तम मराठी लिहिणारे लोक सोलापूर, मिरज, कोकण असे सगळीकडे आहेत. त्यांच्याकडून लिहून घ्यावे आणि उम्मे सलमांचा प्रसंग त्यातून गाळू नये.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सोलापूर